वाटेच्या वादावरून कायद्याचा संगणकीय पाठ कसा तयार करावा

विधी महाविद्यालयात शिकवणारा शिक्षक संगणकावरचा पाठ तयार करायला पहिल्यांदा बसतो, तेव्हा तो बहुधा आपल्या जुन्या टिपणांचीच पाने स्क्रीनवर चढवतो. मीही तेच केले होते. सुविधाधिकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून वाटेसारखी सोय मिळण्याच्या हक्काच्या, प्रकरणाच्या बेचाळीस स्लाईड, प्रत्येक स्लाईडवर कलमाचा मजकूर आणि शेवटी दहा बहुपर्यायी प्रश्न असे त्या पाठाचे स्वरूप होते. विद्यार्थी स्लाईड ओलांडून थेट प्रश्नांवर जात, उत्तरे एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत आणि पाच मिनिटांत पाठ पूर्ण केल्याचे सांगत. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण त्या पाठात वाचण्याखेरीज करण्यासारखे काहीच नव्हते, आणि वाचायला पुस्तक अधिक सोयीचे असते.

कायदा संगणकावर शिकवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या संगणक यंत्रणेवर १९७० च्या दशकातच कायद्याचे पाठ चालवले जात होते, आणि १९८२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठ व हार्वर्ड लॉ स्कूल यांनी मिळून ‘काली’ ही संस्था केवळ अशा पाठांसाठी स्थापन केली. त्या काळचे कायद्याचे पाठ बहुतांशी अक्षरांचेच असत. तरीही पाठ चालत, कारण त्यांची रचना प्रश्नोत्तरांची होती. विद्यार्थ्यासमोर काही वस्तुस्थिती ठेवायची, एक प्रश्न विचारायचा, त्याने निवडलेल्या उत्तराला उत्तर द्यायचे आणि मग वस्तुस्थिती थोडी बदलून पुन्हा विचारायचे. वर्गात चांगला शिक्षक हेच करतो. फरक इतकाच की साठ जणांच्या वर्गात त्याला दोघातिघांनाच विचारता येते आणि उरलेले मान खाली घालून बसतात.

म्हणून पाठाची किंमत कलमाच्या मजकुरात नसते. विद्यार्थी चुकतो तेव्हा आपण त्याला काय सांगतो, त्यात ती असते. पुढील सूचना हे गृहीत धरून दिल्या आहेत, आणि उदाहरण म्हणून कोकणात घरोघरी ठाऊक असलेला वाटेचा वाद घेतला आहे.

विषय जितका लहान, तितका बरा

‘सुविधाधिकार’ हा पाठाचा विषय होऊ शकत नाही. ते पुस्तकातले प्रकरण आहे. ‘दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षे चाललेली वाट हक्क केव्हा बनते?’ हा पाठाचा विषय होऊ शकतो. वीस ते तीस मिनिटांत संपणारा, एकाच प्रश्नाभोवती फिरणारा पाठ विद्यार्थी पुरा करतात. त्याहून लांबला तर दोन पाठ करावेत. ज्या नियमाला मोजक्या अटी असतात आणि वस्तुस्थितीतला एखादा तपशील बदलला की ज्याचे उत्तर पालटते, असा नियम निवडावा. मुदतीचा कायदा, नोंदणीचा कायदा, करारातील प्रस्ताव व स्वीकृती, वारसाहक्काचे हिस्से हे विषय या कामाला उत्तम. न्यायशास्त्रातील विचारप्रणाली किंवा राज्यघटनेच्या मूलभूत संरचनेचा सिद्धांत यांसाठी मात्र वर्गातील चर्चाच बरी. तेथे संगणकाला मध्ये आणले की विषयाचे सोपे तुकडे पडतात आणि गाभा हातातून निसटतो.

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधील कलम १५ या कसोटीला पुरेपूर उतरते. मूळ अधिनियम सुरुवातीला मुंबई इलाख्यास लागू नव्हता, तो १८९१ मध्ये लागू झाला, हा तपशील विद्यार्थ्यांना गमतीचा वाटतो, पण पाठात त्याला जागा देऊ नये. पाठात हवे ते एवढेच: वाट शांतपणे, उघडपणे, अडथळ्याविना, सुविधाधिकार म्हणून आणि हक्काच्या नात्याने वीस वर्षे वापरलेली असावी, ही वीस वर्षे दावा दाखल होण्यापूर्वीच्या दोन वर्षांच्या आत संपणारी असावीत, आणि जमीन सरकारी असेल तर वीसच्या जागी तीस वर्षे मोजावीत. यातील प्रत्येक अट म्हणजे पाठातील एक टप्पा. कायदा करणाऱ्यांनीच या कलमाखाली दृष्टान्त देऊन ठेवले आहेत, आणि ते इतके नेमके आहेत की पाठाचा अर्धा आराखडा त्यांतून मिळतो.

आधी कथा कागदावर उतरवावी

संगणक सुरू करण्यापूर्वी वादाची वस्तुस्थिती एका पानावर लिहून काढावी. माझ्या पाठातील गोष्ट अशी होती. डोंगरउतारावर वरचे घर आणि त्यांची आंब्याची कलमे. खाली दुसऱ्या कुटुंबाचे घर आणि भातखाचरे. वरच्या घराची रस्त्यावर जाण्याची पायवाट खालच्या घराच्या जमिनीच्या कडेने जाते. वरचे लोक २००० सालापासून ती वाट वापरत आहेत. २०२४ साली खालच्या घरच्यांनी वाटेवर चिऱ्याचा गडगा, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत, घातला. वरच्या घराचे कर्ते मुंबईत नोकरीला, ते डिसेंबरात गावी आले तेव्हा वकिलाकडे गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये दिवाणी दावा दाखल झाला.

अशा कथेत नावांचा पसारा घालू नये. ‘वरचे घर’ आणि ‘खालचे घर’ हे शब्द पुरतात, आणि त्यांनी जमिनीचा उतारही डोळ्यांसमोर राहतो. इंग्रजी पुस्तकांतील ‘डॉमिनंट’ आणि ‘सर्व्हियंट’ या संज्ञांचा विद्यार्थ्यांच्या मनात नेहमी गोंधळ उडतो. कोणाच्या फायद्यासाठी वाट आहे आणि कोणाच्या जमिनीतून ती जाते, हे घरांच्या जागेवरून एकदा ठसले की संज्ञा मागाहून सांगता येतात.

मग या मूळ कथेत एकेक तपशील बदलून पोटकथा तयार कराव्यात. वरच्या घरच्यांनी मधल्या काळात एक वर्ष खालची खाचरे खंडाने कसली असतील तर काय? त्या वर्षी ते त्या जमिनीवरून कूळ म्हणून चालले, सुविधाधिकार म्हणून नव्हे, आणि दृष्टान्तानुसार दावा फेटाळला जातो. वाट वापरण्याचा आपल्याला हक्क नाही असे कबूल करून त्यांनी एकदा खालच्या घराची परवानगी मागितली असेल तर? तेव्हाही दावा जातो, कारण वापर हक्काच्या नात्याने राहिला नाही. खालच्या घरच्यांनी एका पावसाळ्यात दोन महिने कुंपण घातले आणि वरच्यांनी ते काढायला लावले असेल तर? हा कायद्याच्या अर्थाने अडथळा नव्हे, कारण अडथळ्याची माहिती झाल्यावरही तो वर्षभर निमूटपणे सोसला गेला तरच तो अडथळा मानला जातो. गडगा २०१९ मध्येच घातला असेल आणि दावा २०२५ मध्ये आला असेल तर? मग आधी कितीही वर्षे वाट वापरलेली असो, दोन वर्षांची अट आडवी येते.

चुकीची उत्तरे हाच खरा पाठ

या कामात सर्वांत जास्त वेळ चुकीचे पर्याय लिहिण्यात जातो, आणि जायला हवा. चुकीचा पर्याय असा असावा की अभ्यास केलेला विद्यार्थीसुद्धा क्षणभर त्याच्याकडे वळेल. तो शिक्षकाने मनाने रचू नये. जुन्या उत्तरपत्रिका काढून बसावे आणि विद्यार्थी प्रत्यक्षात काय लिहितात ते वहीत टिपावे. मला त्यात तीन चुका वारंवार सापडल्या: बारा वर्षांच्या प्रतिकूल कब्जाचा (दुसऱ्याची जमीन त्याच्या हक्काविरुद्ध ताब्यात ठेवून मालकी मिळण्याचा) नियम वाटेला लावणे, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात नोंद नाही म्हणून हक्कच नाही असे मानणे, आणि ‘परवानगी’ हा शब्द दिसताच दावा गेला असे ठरवणे. पाठातील बहुतेक पर्याय या तीन चुकांतून आले.

पाठातील एक स्क्रीन येथे पूर्ण देतो.

‘२००८ साली वरच्या घरच्यांनी गणपतीची मोठी मूर्ती आणली. मूर्ती डोक्यावरून नेताना अडचण होऊ नये म्हणून वाटेच्या कडेचा बांध दोन दिवसांसाठी काढू द्यावा, अशी विनंती त्यांनी खालच्या घरच्यांना केली आणि ती मान्य झाली. आता खालच्या घराचे वकील म्हणतात की परवानगी मागितली, म्हणजे हक्क नव्हता. आपले मत काय?’

पहिला पर्याय: ‘वकिलांचे म्हणणे बरोबर आहे, परवानगी मागितल्यामुळे वापर हक्काच्या नात्याने राहिला नाही.’ हा पर्याय निवडणाऱ्याला पुढील उत्तर दिसते: ‘परवानगीचा दृष्टान्त आपल्या लक्षात आहे, ते चांगले. पण त्या दृष्टान्तात माणूस वाट वापरण्याचीच परवानगी मागतो आणि हक्क नसल्याचे कबूल करतो. येथे परवानगी कशाची मागितली, ते वस्तुस्थितीत पुन्हा वाचून पाहा.’ आणि त्याला त्याच स्क्रीनवर परत नेले जाते.

दुसरा पर्याय: ‘विनंती बांध काढण्यापुरती होती; मूळ वाटेच्या वापराबद्दल त्यात काही कबूल केलेले नाही.’ येथे उत्तर: ‘हाच मुद्दा युक्तिवादात मांडावा लागेल. खालच्या घराचे वकील उलटतपासणीत या प्रसंगाचा उपयोग कसा करतील, याचाही विचार करून ठेवा.’

तिसरा पर्याय: ‘गणपतीसारख्या धार्मिक प्रसंगाचा वापर मोजायचाच नसतो.’ उत्तर: ‘कलम १५ मध्ये असा अपवाद नाही. आपण तो कोठे वाचला, ते आठवून पाहा.’ हा पर्याय मला एका उत्तरपत्रिकेतच मिळाला होता.

‘चूक! पुन्हा प्रयत्न करा’ असे उत्तर कधीही लिहू नये. चुकीच्या पर्यायाच्या उत्तरात दोन गोष्टी हव्यात: विद्यार्थ्याच्या विचारात बरोबर काय होते, आणि तो कोणत्या वळणावर भरकटला. बरोबर उत्तरालाही केवळ शाबासकी पुरत नाही, कारण निम्मे विद्यार्थी अंदाजाने तेथे पोहोचलेले असतात; म्हणून कारण तेथेही द्यावे.

काही ठिकाणी कायद्याचे उत्तर खरोखरच दोन्ही बाजूंनी मांडता येते. भातलावणीच्या चार महिन्यांत वरचे लोक खाचराची कड सोडून लांबच्या पाणंदीने जात असतील, तर मिळणारा हक्क वर्षभराचा की आठ महिन्यांचा? अशा प्रश्नाला बरोबर-चूक असे पर्याय देणे म्हणजे विद्यार्थ्याची फसवणूक आहे. तेथे रिकामी चौकट द्यावी, वरच्या घराच्या वतीने चार ओळी लिहायला सांगावे आणि मग दोन्ही बाजूंचे नमुना युक्तिवाद शेजारी दाखवावेत.

फाटे आणि त्यांचा हिशेब

प्रत्येक उत्तराला स्वतंत्र वाट द्यायची म्हटले तर काम हाताबाहेर जाते. तीन पर्यायांचे पाच टप्पे असतील तर २४३ वाटा होतात, आणि त्या सर्व लिहिणारा शिक्षक मला अजून भेटलेला नाही. म्हणून फाटा फुटला की एकदोन स्क्रीननंतर तो मुख्य वाटेला परत आणून मिळवावा. जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांचे तुकडे करून प्रत्येकावर एक स्क्रीन लिहावी आणि पडवीत जमिनीवर मांडून दोऱ्याने जोडावी. कोठे रस्ता बंद पडतो आणि कोठे तोच प्रश्न दोनदा येतो, हे जमिनीवर जितके चटकन दिसते तितके संगणकावर दिसत नाही.

साधन कोणते घ्यावे

साधनांबद्दल लोक फार बोलतात. मी थोडक्यात सांगतो. गुगल फॉर्ममध्ये उत्तरानुसार पुढच्या विभागात पाठवण्याची सोय आहे, पण ती एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांपुरती, आणि इंटरनेट लागतेच. महाविद्यालयात मूडल ही ऑनलाईन शिकवण्याची यंत्रणा बसवलेली असेल तर त्यातील ‘लेसन’ हा प्रकार याच कामासाठी आहे. एच-फाइव्ह-पी या वेबवरील पाठसाधनामधील ‘ब्रँचिंग सिनारिओ’ दिसायला देखणा आहे. ‘काली’चे स्वतःचे पाठलेखनाचे सॉफ्टवेअर आहे, तथापि त्याची घडण अमेरिकी महाविद्यालयांसाठी झालेली आहे.

कोकणातील महाविद्यालयासाठी माझी पसंती ट्वाईनला आहे. हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, त्यात प्रत्येक स्क्रीन एका चौकोनात लिहायची असते आणि दुहेरी चौकटी कंसात पुढच्या चौकोनाचे नाव लिहिले की दुवा तयार होतो. शेवटी जी तयार होते ती एकच एचटीएमएल फाईल असते. ती पेनड्राईव्हवर देता येते, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते आणि रेंज नसलेल्या वाडीतही उघडते. पावसाळ्यात वीज दोन दोन दिवस जाते तेव्हा ज्या विद्यार्थ्याच्या मोबाईलमध्ये थोडी बॅटरी उरली आहे, त्याचा पाठ चालू राहतो. एक सावधगिरी मात्र घ्यावी. ट्वाईन ब्राउझरमध्ये वापरले तर काम त्या ब्राउझरच्या साठ्यातच राहते. एकदा संगणक कक्षातील यंत्रे स्वच्छ करताना कोणी तो साठा पुसला आणि माझे तीन आठवड्यांचे काम गेले. रोज उठताना प्रत उतरवून घ्यावी.

बहुतेक विद्यार्थी पाठ मोबाईलवरच उघडतात. त्यामुळे वस्तुस्थिती सहा-सात ओळींपेक्षा आणि पर्याय दोन ओळींपेक्षा मोठा नसावा, आणि जागेचा नकाशा देताना हाताने काढलेल्या साध्या रेखाचित्राचा लहान फोटो पुरतो. वरचे घर, खालचे घर, वाट आणि गडगा एवढेच त्यात दिसावे.

भाषा, मजकूर आणि मालकी

जुनी टिपणे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतील तर ती मोबाईलवर निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावीत आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेत. शब्दांच्या बाबतीत अधिक काळजी हवी. ‘वहिवाट’ हा शब्द आपण वाटेच्या वापरालाही वापरतो, जमिनीच्या प्रत्यक्ष ताब्यालाही वापरतो आणि रूढीलाही वापरतो. पाठात त्याचा एकच अर्थ ठरवून पहिल्याच स्क्रीनवर सांगावा, नाहीतर विद्यार्थी ‘वहिवाट’ वाचून प्रतिकूल कब्जाकडे वळतो आणि ती चूक त्याची नसते.

अधिनियमांचा मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावरून घ्यावा. न्यायनिर्णय उद्धृत करायला कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे कलम ५२ सामान्यतः मोकळीक देते. परंतु खाजगी निर्णयपत्रिकांनी तयार केलेली शीर्षटिपणे, म्हणजे निकालाच्या वर छापलेले मुद्द्यांचे सारांश, उचलू नयेत. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या डिसेंबरात हाच फरक स्पष्ट केला: निकालाचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला आहे, संपादकाने स्वतःच्या कौशल्याने घातलेली भर तशी नाही. निकालाचा सारांश स्वतः लिहावा. त्यात आपलाही अभ्यास होतो.

प्रत्येक पाठाच्या पहिल्या स्क्रीनवर ‘या तारखेपर्यंतचा कायदा’ अशी ओळ असावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ चे १०३ झाले, तेव्हा फौजदारी कायद्यावरचे कितीतरी पाठ एका रात्रीत जुने ठरले. त्याच दिवशी जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमही आल्यामुळे, वाटेच्या पाठातील पुराव्याच्या टप्प्यावर पुराव्याच्या भाराचे जुने कलम १०१ होते, तेथे १०४ लिहावे लागले. कलमांचे आकडे उत्तरांच्या मजकुरात विखरून टाकण्यापेक्षा शक्य तेवढे एका स्क्रीनवर ठेवले तर अशी दुरुस्ती अर्ध्या तासात होते.

विद्यार्थ्याशेजारी गप्प बसणे

पाठ वर्गाला देण्यापूर्वी तीन विद्यार्थ्यांना एकेकटे बसवून तो सोडवायला द्यावा आणि आपण शेजारी वही घेऊन गप्प बसावे. हे फार कठीण जाते. विद्यार्थी अडला की शिक्षकाचे तोंड उघडतेच, आणि उघडले की चाचणी संपते. तो कोठे थांबतो, कोठे न वाचता पुढे जातो, कोणता पर्याय पाहून हसतो, एवढेच टिपावे. तिघांपैकी एकानेही निवडला नाही असा चुकीचा पर्याय बहुधा निरुपयोगी असतो. तीन विद्यार्थी घेताना एक तरी पहिल्या वर्षाचा आणि एक तरी गावाकडून येऊन-जाऊन शिकणारा असावा.

माझ्या पाठात गडगा घालण्याची तारीख मी १५ जुलै २०२४ अशी लिहिली होती. शेवटच्या टप्प्यावर प्रश्न होता की डिसेंबरात गावी आलेल्या वरच्या घरच्यांना, दिवाणी दाव्याशिवाय, मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली आंब्याच्या कलमांच्या बागेकडे जाणाऱ्या वाटेतील अडथळा काढण्यासाठी तहसीलदारांकडेही जाता येईल काय. त्या अधिनियमाखाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत जावे लागते, म्हणून उत्तर ‘होय, १५ जानेवारीपर्यंत’ असे होते. चाचणीला बसलेल्या, देवगडकडच्या एका मुलाने पहिलीच स्क्रीन वाचून मान हलवली आणि म्हणाला, “सर, जुलैच्या पावसात चिऱ्याची गाडी वर चढत नाही. गडगा मे महिन्यातच घालतात.” मी तारीख १० मे केली. त्याबरोबर सहा महिने १० नोव्हेंबरलाच संपले, डिसेंबरात तहसीलदारांचा मार्ग बंद झाला, बरोबर असलेला पर्याय चुकीचा ठरला, आणि शेवटच्या तीन स्क्रीन मला नव्याने लिहाव्या लागल्या.